तिसरी तार

१

“बॅटरी मेलेली नाही, मारलेली आहे,” मालोजीराव शेळके म्हणाले, आणि बोटीवरचं बोलणं थांबलं.

त्यांनी किल्ली पुन्हा फिरवली. मागच्या इंजिनातून टक्क आवाज आला, मग आणखी एक टक्क, आणि नंतर तोही आला नाही. समोरचा व्होल्टेजचा काटा खाली पडला आणि जरासा वर येऊन थांबला.

“नको फिरवूस आता, मालोजी,” बोटीच्या पुढच्या टोकाला बसलेल्या त्यांच्या भगिनी यशोधराबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते.

रविवारी सकाळी आम्ही इंदूरहून निघून खंडवा रोडच्या आत, बोरखेडीच्या तलावावर आलो होतो. थोडं फिरून झाल्यावर मधोमध इंजिन बंद केलं आणि डबे उघडले. खाणं संपेपर्यंत वाऱ्याने बोट तलावाच्या वरच्या अंगाला ढकलत नेली. तिथे जलकुंभी माजलेली असते. तिची जाड हिरवी पानं आता तिन्ही बाजूंनी बोटीला टेकली होती आणि मोकळं पाणी फक्त मागे, एका पट्टीएवढं उरलं होतं. मोबाइलला रेंज नव्हती. बोटीत वल्हं एकच. चौकीदार अष्टमीच्या पूजेसाठी गावात गेला होता, तो उन्हं उतरल्यावरच परतणार होता. हाका मारून उपयोग नव्हता, तरी पीयूषने दोनदा मारून पाहिल्या. पलीकडून एक बगळा उडाला, एवढंच.

मी या घरातला माणूस नाही. तुकोगंजातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. मालोजीराव तिथे लढायांची पुस्तकं न्यायला येत, आणि परत करताना त्यांतल्या चुका मला समजावून सांगत. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, त्यामुळे त्यांना बऱ्याच चुका सापडत. पत्नी गेल्यावर त्यांनी ही मोटरबोट घेतली आणि तिला पत्नीचंच नाव दिलं, ‘लक्ष्मी’. बोटीबरोबर आलेली माहितीपुस्तिका इंग्रजीत होती आणि फार बारीक टायपात होती. ती त्यांनी मला वाचायला दिली. तेव्हापासून या घरात असा समज आहे की मुळ्यांना, म्हणजे मला, बोटीतलं कळतं. मला फक्त त्या पुस्तिकेतलं कळतं. हे मी सांगून पाहिलं होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही.

“कुणी मारली बॅटरी, बाबा?” मधुरिमाने विचारलं. ही मालोजीरावांची एकुलती एक मुलगी.

मालोजीरावांनी उत्तर तिला दिलं नाही. मागच्या बाकाजवळ उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याकडे, मनीषकडे, न बघता ते म्हणाले, “किनाऱ्याला लागलो की तुमचं सामान तुम्ही घ्या, जावईबापू. माझ्या घरात आता तुम्हाला जागा नाही.”

मनीषने मान खाली घातली. मला तेच सर्वांत वाईट वाटलं.

२

पहिल्यांदा सगळ्यांनी आपापली बाजू मांडली. अडकलेल्या माणसांना दुसरं काम नसतं.

पीयूष हा मालोजीरावांच्या धाकट्या भावाचा मुलगा. चैत्रात बोट अशीच बंद पडली, त्यानंतर नवी बॅटरी त्याने आणली होती. “भिया, बॅटरी एकदम नवी आहे. मल्हारगंजहून मी खुद उचलून आणली, खुद बसवली,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की मगाशी जेवताना गाणीही त्यानेच लावली होती, आणि तो गप्प बसला.

“तुझ्या त्या भोंग्यानेच खाल्ली असेल,” मधुरिमा म्हणाली.

“अरे दीदी, तीन-चार गाण्यांनी काय होतं? गाडीत तर दिवसभर वाजवतो यार.”

मधुरिमा माझ्याजवळ येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “काका, तुम्ही बघा ना काय ते. बाबा तुमचं ऐकतात.”

ते माझं ऐकत नाहीत. फक्त माझ्यावर चिडत नाहीत. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी उठलो.

मागच्या बाकाचं झाकण उचललं की खाली बॅटरी. मनीषकडे मीटर होतं. त्याने ते न सांगताच लावलं. आकडा साडेअकरा व्होल्टच्याही खाली होता. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साडेबाराच्या वर दाखवते. साडेअकरा म्हणजे जवळपास रिकामी. पुस्तिकेत याला एक पूर्ण पान दिलं आहे. बॅटरीत दम नसला तर कारणं तीन असू शकतात. ती भरली जात नसेल, किंवा भरलेली असूनही जोड ढिले असल्यामुळे तिचा जोर इंजिनापर्यंत पोचत नसेल, किंवा बोट उभी असताना कुठेतरी गळत असेल.

पहिलं कारण मी तिथेच सोडून दिलं. येताना मी मालोजीरावांच्या शेजारी बसलो होतो, आणि इंजिन चालू असताना काटा चौदाच्या वर होता. इंजिन तिला व्यवस्थित भरत होतं.

दुसऱ्या कारणाबद्दल मला आशा होती. बॅटरीच्या खुंट्यांवर, तारा जिथे जोडतात तिथे, पांढरट हिरवी भुकटी जमली होती. मी म्हटलं, हीच असेल. मनीषने चाकूने ती खरवडली. आतली कड साफ होईना, तेव्हा मी सांगितलं की तारेची पकड खुंट्यावरून काढून घे, मोकळी करून घासली तर नीट होईल.

“नको काका. अशीच होईल,” तो म्हणाला, आणि पकडीच्या कडेकडेने, अवघडून, खरवडत राहिला.

मालोजीरावांनी पुन्हा किल्ली फिरवली. टक्क. यशोधराबाईंनी ज्या पेटीवर त्या बसल्या होत्या तिच्या झाकणावर तळहात टेकला आणि ओठ हलवले.

तसंही मीटर थेट खुंट्यावर लावूनच आकडा कमी आला होता. जोडाचा दोष असता तर खुंट्यावर आकडा पुरा दिसला असता. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी उगीच त्या पोराला उन्हात खरवडायला लावलं.

म्हणजे उरलं तिसरं. बोट किनाऱ्याला उभी असताना, सगळं बंद असताना, कुणीतरी या बॅटरीतून थोडं थोडं घेत होतं.

३

मी मालोजीरावांपाशी जाऊन बसलो. जलकुंभीचं एक पान बोटीच्या काठावरून आत डोकावत होतं, ते त्यांनी तोडून फेकलं.

त्यांच्याकडे पुरावा होता. चौकीदाराने त्यांना सांगितलं होतं की गेले काही दिवस जावईसाहेब रोज संध्याकाळी ऑफिसमधून थेट तलावावर येतात. एकटेच. मागचं झाकण उघडतात, बॅटरीपाशी काहीतरी करतात, मग बोटीच्या टोकाला जाऊन बराच वेळ बसतात. घरी विचारलं तर ऑफिसमध्ये काम होतं म्हणतात. “माझ्याशी खोटं, माझ्या मुलीशी खोटं,” मालोजीराव म्हणाले. कारणही त्यांना ठाऊक होतं. चैत्रात बोट बंद पडली तेव्हाच मनीषने सुचवलं होतं की आता या वयात ही काळजी कशाला, विकून टाकू. “सरळ विकत नाही म्हटल्यावर मला बोटीचा कंटाळा यावा, अशी व्यवस्था केली.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“गुरुवारी किनाऱ्यावरच्या शेडची किल्ली काढून घेतली. बघू म्हटलं, आता काय करतो.” त्यांनी खिशावर हात ठेवला. किल्ली तिथेच होती. “काल तर मला म्हणे, उद्या नको जाऊ या, मौसम ठीक नाही. आकाशात ढग तरी आहे का, बघा.”

ढग नव्हता. शेडमध्ये चार्जर आहे, हे मला माहीत होतं. गुरुवारपासून शेड बंद, म्हणजे चार्जर बंद. मनीष चोरून बॅटरी रिकामी करत असेल, तर किल्ली काढून घेतल्यावर ती भरलेली राहायला हवी होती. इथे उलटं झालं होतं. त्याला अडवल्यावर ती रिकामी झाली.

मला वाटलं, हे बोलावं. पण माझ्या बोलण्यात खात्री नव्हती आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती भरपूर होती. मी उठून मधुरिमाकडे गेलो.

तिच्याही मनात शंकेने घर केलं होतं, हे तिने मान वळवून कबूल केलं. मनीष अंधार पडल्यावर घरी येतो. परवा धुण्याला टाकताना त्याच्या शर्टाच्या खिशात गहू निघाले. मुठीत मावतील एवढे. तिने विचारलं तर तो हसला आणि माशांना घालतो म्हणाला. “काका, जो माणूस माशांना गहू घालायला एवढ्या लांब येतो, तो बायकोला का नाही आणत बरोबर?”

विषय बदलावा म्हणून मी डब्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीची तारीफ केली. ती म्हणाली की खिचडी आत्याची आहे, आत्याचे नऊ दिवस उपास असतात. घरात घट बसत नाही, पण उपास तिने सोडले नाहीत.

घट का बसत नाही, ते मला अर्धवट माहीत होतं. मधुरिमाने उरलेलं सांगितलं. तिची आई नवरात्रातच गेली. आजारी असूनही उपास सोडायला तयार नव्हती. ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी मालोजीराव देवघरात गेले आणि तेवत असलेला नंदादीप त्यांनी स्वतःच्या हाताने विझवला. या घरात पुन्हा हा दिवा लागणार नाही, म्हणाले. देवीचा चांदीचा टाक मनीषच्या हातात दिला आणि नर्मदेत सोडून ये म्हणून सांगितलं.

“आत्या तेव्हा काहीच बोलली नाही,” मधुरिमा म्हणाली. “ती कधीच काही बोलत नाही.”

एवढ्यात मागून पीयूषने हाक मारली. बोटीच्या तळात पाणी साचलं तर बाहेर फेकणारा जो छोटा पंप असतो, त्याची जाळी त्याने रिकामपणी उघडून पाहिली होती. जाळीत कचरा अडकला होता. त्याने तो बोटांनी काढून आम्हाला दाखवला.

“पंप जाम आहे काकासाहेब. पण हे आलं कुठून?”

त्याच्या तळहातावर झेंडूच्या पाकळ्या होत्या.

४

तलावात झेंडू उगवत नाही. मालोजीरावांनी पाकळ्यांकडे पाहिलं, कुणीतरी विसर्जन केलं असेल म्हणाले आणि तोंड फिरवलं. पण पंपाची जाळी बोटीच्या आत असते. बाहेरचं पाणी तिच्यात येत नाही.

मी पुन्हा बॅटरीपाशी बसलो. ऊन आता डोक्यावरून पाठीवर आलं होतं. बोट जराही हलत नव्हती. पीयूषने वल्ह्याने मागे रेटून पाहिलं तर वल्हं पानांच्या मुळ्यांत रुतलं आणि ते सोडवायलाच दोघे लागले. यशोधराबाईंना त्याने विनवलं की आत्या, जरा मधल्या बाकावर ये, पुढचं टोक हलकं होईल, बोट सुटेल. त्या नाही म्हणाल्या. इथेच बरं वाटतं, म्हणाल्या. पाण्याची त्यांना भीती वाटते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पावसाळा संपल्यावर आम्ही सगळे आलो होतो तेव्हा त्या आल्या नव्हत्या. आणि आज मात्र सगळ्यात पुढे, पाण्याच्या सगळ्यात जवळ, त्या फळीच्या पेटीवर सकाळपासून बसून होत्या.

पुस्तिकेत बॅटरीचं एक चित्र आहे. ते मला पाठ आहे, कारण त्याखालची ओळ वाचायला मला भिंग घ्यावं लागलं होतं. मोठ्या खुंट्यावर दोन तारा येतात. एक जाड, ती मुख्य बटणाला जाते. ते बटण बंद केलं की गाणी, दिवे, इंजिन सगळं बंद. दुसरी बारीक, पंपाची. ती थेट बॅटरीला असते, कारण बोट एकटी उभी असताना पाणी शिरलं तर पंप चालायला हवा.

मनीष आपला हात त्या खुंट्यावर ठेवून बसला होता. झाकण उघडल्यापासून तो हात तिथून फारसा हलला नव्हता. मी त्याला मीटर मागितलं. ते द्यायला त्याने हात उचलला.

खुंट्यावर तीन तारा होत्या.

तिसरी बारीक, लाल, नीट चिमटे लावून बसवलेली. ती बोटीच्या कडेच्या फळीखालून पुढे जात होती. मी तिच्या मागे नजर नेली. मधला बाक, मालोजीरावांची खुर्ची, मग पुढचं टोक. तिथे फक्त एक पेटी होती, आणि पेटीवर एक बाई बसली होती.

“काका,” मनीष अगदी हळू म्हणाला, “तुम्ही काही बघितलं नाही.”

५

मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं की ही तार तूच जोडलीस का. तो हो म्हणाला. मग तुझ्या सासऱ्यांना का सांगत नाहीस, असं विचारलं, तर म्हणाला की शब्द दिलाय.

“परवा दसरा. दसऱ्याला मी काढूनच टाकणार होतो.”

“आणि आज तुलाच घराबाहेर काढलं तर?”

तो पाण्याच्या त्या पट्टीकडे बघत राहिला. पट्टी मघापेक्षा अरुंद झाली होती.

मी उठून मधल्या बाकावर बसलो. सगळं आपोआप एका बाजूला सरकत गेलं, मला काही करावं लागलं नाही. मनीषने पकड काढली नाही, हे मला आधी खटकलं होतं. वाटलं होतं की तो काहीतरी लपवतोय. लपवत होताच. पण पकड सोडायची नाही म्हणजे काय? क्षणभरही वीज तुटायची नाही, एवढंच. अशी कोणती गोष्ट आहे जी क्षणभरही तुटलेली चालत नाही? चैत्रात बोट बंद पडली तेव्हाही यशोधराबाई आल्या होत्या, तेव्हाही डब्यात उपासाची खिचडी होती. चैत्रातही एक नवरात्र असतं. मधले महिने बॅटरी ठणठणीत होती. गहू, झेंडू, आणि पाण्याला भिणारी बाई जिला त्या पेटीपासून हलता येत नाही.

घट बसला की दिव्यापाशी घरातल्या कुणाला तरी राहावं लागतं. आमच्याकडेही तसंच होतं. आई नऊ दिवस शेजारीसुद्धा जात नसे.

मनीष बॅटरी रिकामी करायला येत नव्हता. तो ती रोज भरायला येत होता, म्हणजे दिवा जळत राहील आणि रविवारी बोटही सुरू होईल. गुरुवारी किल्ली गेली आणि दोन्ही त्याच्या हातून गेलं.

मला सगळं कळलं होतं आणि मी काहीच करू शकत नव्हतो. बोललो तर एका म्हातारीची इतक्या वर्षांची झाकलेली मूठ मी उघडणार. गप्प राहिलो तर एका भल्या माणसाचं घर जाणार, आणि बरोबर मधुरिमाचंही. माझं अनुमान चुकलं असेल, तर आणखी वाईट. अनुमान चुकण्याची मला सवय आहे. मी वाट पाहिली. बोटीत बसून वाट पाहण्यापलीकडे काही नसतं, हे मी स्वतःला समजावलं.

मालोजीरावांनी वाट पाहिली नाही.

ते उठले, अवजारांच्या पेटीतून पाना घेतला आणि मागे आले. नवी म्हणून आणलेली ही बॅटरी नवी आहे तरी का, ते आता मी स्वतः बाहेर काढून बघतो, म्हणाले. पीयूषचा चेहरा उतरला. मनीष झाकणासमोर उभा राहिला.

“बाबासाहेब, हात लावू नका.”

“बाजूला हो.”

“मी पाया पडतो. आता नको.”

“बाजूला हो म्हणतो ना,” मालोजीराव म्हणाले, आणि त्यांनी जावयाच्या खांद्याला धरून त्याला दूर सारलं. मधुरिमा दोघांच्या मध्ये जायला निघाली. बोट एका अंगाला कलली. पुढे यशोधराबाई पहिल्यांदाच पेटीवरून उठून उभ्या राहिल्या आणि त्यांचा तोल जाऊ लागला.

पाना पकडीवर बसला.

“मालोजीराव, ती तार काढू नका,” मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. “दिवा विझेल.”

६

“कसला दिवा?”

मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. गव्हापासून सुरुवात केली, मग झेंडूकडे गेलो, मग परत खिचडीकडे आलो, आणि पीयूषला दोनदा विचारावं लागलं की काका, मतलब काय. मालोजीरावांना मात्र विचारावं लागलं नाही. तिसऱ्या तारेपाशी मी आलो तेव्हाच ते पाना खाली ठेवून पुढे निघाले होते.

यशोधराबाई बाजूला झाल्या. त्यांनी स्वतः झाकण उचललं.

पेटीत मातीने भरलेली एक छोटी परडी होती. तिच्यात गव्हाचे अंकुर बोटभर वाढले होते, उजेड न मिळाल्याने पिवळसर पांढरे. झेंडूची माळ सुकून तिच्या पाकळ्या तळाला गळल्या होत्या. पेटीतल्या भोकावाटे त्या पंपापर्यंत गेल्या असणार. पितळी ताटलीत देवीचा चांदीचा टाक होता. आणि जुन्या निरांजनाच्या वाटीत वातीच्या जागी बसवलेला एक बारीक पिवळा दिवा, मंद झालेला, पण जळणारा.

मालोजीराव टाकाकडे बघत होते.

“हा तर मी नर्मदेत सोडायला दिला होता.”

“घाटापर्यंत गेलो होतो, बाबासाहेब,” मनीष मागून म्हणाला. “हात धजला नाही. परत आणून आत्याबाईंना दिला.”

“आणि मग बोटीत?”

“तू घरात दिवा नको म्हणालास,” यशोधराबाई म्हणाल्या. आता त्या थांबल्या नाहीत. “मी घरात नाही लावला. एवढी वर्षं ट्रंकेत टाक ठेवला, दिव्याशिवाय. हातपाय चालतात तोवर लक्ष्मीच्या मागे कुळाचार कुणीतरी करायला हवा की नाही? या चैत्रात मीच मनीषला गळ घातली. बोटीत तेलाची वात नको, पेट्रोल असतं, असं तो म्हणाला, म्हणून हा दिवा. पण एवढ्याशा दिव्यानं बोट अडते, हे मला ठाऊक नव्हतं, मालोजी. देवीची शपथ. यानं मला सांगितलंच नाही.”

“सांगितलं असतं तर तुम्ही दिवा काढायला लावला असता,” मनीष म्हणाला.

“चैत्रात मला खरंच अंदाज नव्हता,” तो पुढे मालोजीरावांना म्हणाला. “ह्या वेळी रोज चार्ज केलं तर चालेल, असं वाटलं होतं.”

मधुरिमा नवऱ्याकडे बघत होती. “माशांना गहू,” ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

मालोजीराव पेटीपाशी गुडघ्यावर बसले होते. पानांवर कसले तरी किडे किरकिरत होते. अखेर मनीषनेच कामाची गोष्ट काढली. तो म्हणाला की दिव्याची तार काढली आणि बॅटरीला तासभर स्वस्थ राहू दिलं, तर तिच्यात थोडा दम येतो, कदाचित एक स्टार्ट मिळेल. त्याने माझ्याकडे पाहिलं. पुस्तिकेतही तसं आहे, म्हणून मी मान हलवली. कदाचित, असं मात्र मी म्हटलं.

“काढ,” यशोधराबाई म्हणाल्या. “एवढे जीव अडकलेत. देवीला कळतं. मी दसऱ्याला तिची क्षमा मागेन.”

मनीष मागे वळला.

“थांब,” मालोजीराव म्हणाले.

ते उठले. उठताना त्यांना पेटीच्या कडेचा आधार घ्यावा लागला. “एकदा विझवलाय मी. पुरे झालं.”

त्यांनी मधल्या बाकाची फळी उपसून काढली आणि बोटीच्या डाव्या अंगाला बसून ती पाण्यात घातली. वल्हं पीयूषच्या हातात होतं, तो उजवीकडे बसला. मनीषने पुढे वाकून दोन्ही हातांनी जलकुंभीचे जुडगे उपटायला सुरुवात केली. मीही एक-दोन उपटले. मुळ्या लांब असतात आणि फार गार लागतात. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बोट हातभर सरकली, पानांनी वाट पुन्हा झाकली, आणि बोट आणखी हातभर सरकली.

मोकळ्या पाण्यात आलो तेव्हा मालोजीराव धापा टाकत होते. त्यांनी फळी मांडीवर घेतली, खिशातून शेडची किल्ली काढली आणि मनीषपुढे धरली. मनीषचे दोन्ही हात चिखलाने भरले होते. त्याने ते शर्टाला पुसले, मग घेतली.

“पोचल्याबरोबर चार्जर लाव,” मालोजीराव म्हणाले. त्यांनी फळी पुन्हा पाण्यात घातली. “आणि उद्या मल्हारगंजला जाऊन एक छोटी बॅटरी घेऊन ये. दिव्याची वेगळी पाहिजे.”

“ही तार तर परवा काढायचीच आहे,” मनीष म्हणाला.

“चैत्र येईल की.”

यशोधराबाईंनी पेटीचं झाकण लावलं नाही. त्या उठल्या, पीयूषच्या खांद्याला धरून मधल्या भागात आल्या, आणि बाकाची फळी भावाच्या हातात असल्यामुळे खाली बोटीच्या तळातच बसल्या. मग काठावरून हात बाहेर काढून त्यांनी पाण्याला बोटं लावून पाहिली.